चार कॅथलिक हायस्कूल, चार अर्ज आणि ‘तुम्हीच आमची पहिली पसंती’

एका आईचं मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एव्हरग्रीन भागातलं मराठी कुटुंब. आईबाबा दोघं नोकरी करतात, मुलगी आठवीत, धाकटा पाचवीत, दोघंही आत्तापर्यंत पब्लिक म्हणजे सरकारी, बिनफीच्या शाळेत. नववीपासून मुलीला कॅथलिक हायस्कूलला घालावं असं आईच्या मनात आहे आणि त्यासाठी एकदम चार ठिकाणी अर्ज करायचा विचार आहे: आर्चबिशप मिटी, सेंट फ्रान्सिस, प्रेझेंटेशन आणि नोटर डेम. बाबा म्हणतात चार ठिकाणी अर्ज करणं म्हणजे चौघांना शब्द देऊन तिघांचा मोडणं, एक शाळा ठरवा नाहीतर सरळ घराजवळच्या पब्लिक हायस्कूलला जाऊ दे. ओळखीतल्या एकीनं सांगितलंय की प्रत्येक शाळेला ‘तुम्हीच आमची पहिली पसंती’ असं लिही, सगळे तेच करतात. साताऱ्याला सासूबाईंना घोर लागलाय की पोरगी रोज चर्चमध्ये बसणार. आणि मुलगी म्हणते, ‘कुठेही टाका.’ आई विचारते: “ताई, चार अर्ज करणं हावरटपणा आहे का? आम्ही हिंदू आहोत हे लिहू की गाळू? आणि चारही ठिकाणी नाही आली तर माझं लेकरू खचेल का?”

अगं मैत्रिणी,

तू मला ताई म्हणलीयस म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते. पत्र तीनदा वाचलं, कारण सहा वर्षांपूर्वी डायनिंग टेबलवर असेच चार शाळांचे कागद पसरून मी आणि माझा नवरा अगदी याच गोष्टीवरून रात्री बारा बारा वाजेपर्यंत बोलत बसायचो. त्यामुळे जे सांगतेय ते थोडं माहितीतून आणि बरंचसं त्या रात्रींमधून आलंय.

सगळ्यात आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तू श्वास घेशील. नाही, चार अर्ज करणं हावरटपणा नाही. इथली सगळी व्यवस्थाच मुलं अनेक ठिकाणी अर्ज करणार हे धरून बसवलेली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओपन हाऊस म्हणजे शाळा बघायला जायचे दिवस, डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अर्जाची मुदत, त्याच सुमारास एचएसपीटी म्हणजे हायस्कूल प्लेसमेंट टेस्ट, आणि मार्चच्या मध्यावर निकाल, तेही सगळ्या शाळांचे साधारण एकाच वेळी, म्हणजे कुटुंबांना सगळी उत्तरं समोर ठेवून ठरवता यावं. न्यूयॉर्कला तर हे अजून उघड आहे, तिथे कॅथलिक हायस्कूलांसाठी टॅक्स (TACHS) नावाची एकच प्रवेश परीक्षा असते आणि नोंदणी करताना मुलानं तीन शाळा पसंतीच्या क्रमानं लिहायच्या असतात, म्हणजे एकापेक्षा जास्त शाळा हा तिथे फॉर्मचाच भाग आहे. (क्वीन्स आणि ब्रुकलिनमधून ज्या दोघीतिघी मला याच विषयावर लिहितात त्यांच्यासाठी: तिथे तो क्रम खरोखर महत्त्वाचा असतो, घाईत भरू नका.)

तरी तुझ्या नवऱ्याच्या बोलण्यात काहीतरी आहे, ते उडवून लावू नकोस. त्याला जे खुपतंय ते अर्जांच्या संख्येत नाहीये, शब्दात आहे. आपल्याकडे स्थळं बघतात तसं बघ, चार स्थळं बघण्यात कुणालाच काही गैर वाटत नाही, पण चौघांकडे होकार कळवून साखरपुड्याच्या तारखा काढल्या तर? अर्ज करणं म्हणजे बघायला जाणं. आणि तुझी मैत्रीण जे सांगतेय, चौघांना ‘तुम्हीच पहिली पसंती’, ते चौघांना होकार कळवण्यासारखं आहे. ते करू नकोस. मी हे शाळेला कळेल म्हणून सांगत नाहीये, कळेलही कदाचित आणि नाहीही कळणार. माझी काळजी वेगळी आहे. तुझी लेक तेरा वर्षांची आहे, तिच्या आयुष्यातला हा पहिला मोठा अर्ज, आणि स्वतःबद्दल चार अनोळखी माणसांना काय सांगायचं हे ती तुझ्याकडे बघून शिकणार आहे. शाळेनं पसंतीचा क्रम विचारला तर खरा लिहायचा. नाही विचारला तर कुठेच पहिली दुसरी म्हणायचं नाही, फक्त या शाळेत तिला काय आवडलं ते लिहायचं. तेवढं पुरतं, खरंच पुरतं.

आता मला तुलाच काही विचारायचंय.

तुझ्या अख्ख्या पत्रात ‘कॅथलिक शाळा’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि चारपैकी एकाही शाळेबद्दल वेगळं असं एकही वाक्य नाहीये. म्हणजे तुझ्या मनात तो एकच माल आहे आणि चार दुकानात मिळतो. पण तसं नाहीये गं. नोटर डेम डाउनटाउनमध्ये आहे, १८५१ पासून चालू, फक्त मुलींची, आणि लहान, मिटी किंवा सेंट फ्रान्सिसच्या निम्म्याहूनही कमी मुली. प्रेझेंटेशनही मुलींची, १९६२ ची, विलो ग्लेनच्या बाजूला. मिटी १९६४ ची आणि सेंट फ्रान्सिस १९५५ ची, या दोन्ही आधी फक्त मुलांच्या होत्या, १९७० च्या दशकात मुली आल्या, आता मोठ्या, गजबजलेल्या, खेळात तगड्या, प्रत्येकी सतराशेच्या आसपास मुलं. या शाळा काढणारेही वेगवेगळे, नोटर डेम आणि प्रेझेंटेशनच्या मागे दोन वेगळ्या सिस्टर मंडळ्या, सेंट फ्रान्सिसच्या मागे होली क्रॉसचे ब्रदर्स, आणि त्या त्या मंडळींचा स्वभाव शाळेत अजून जाणवतो, कुठे सेवेवर जोर, कुठे शिस्तीवर, कुठे मुलींनी पुढे होऊन बोलावं यावर.

तू हुजूरपागेची आहेस असं लिहिलंयस. मग तुला फक्त मुलींच्या शाळेत शिकणं म्हणजे काय हे कुणी सांगायची गरजच नाही. वर्गात उत्तर देताना कुणी मुलगा हसेल का हा विचार डोक्यात नसणं, गॅदरिंगला स्टेज लावण्यापासून भाषणापर्यंत सगळं मुलींनीच करणं, हे तू जगलीयस. ते तुला लेकीसाठी हवंय का? आणि तिला ते हवंय का, कारण ती तू नाहीयेस, तिला कदाचित मार्चिंग बँड हवा असेल, मोठं मैदान हवं असेल, शुक्रवारी रात्रीची फुटबॉल मॅच हवी असेल. या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं ना, मुलींची शाळा की मिश्र, तर चारच्या दोन होतात बघ आपोआप.

दुसरी गोष्ट, तू लिहितेस ‘कॉलेजच्या दृष्टीनं बरं पडेल.’ हे आपल्यातल्या बहुतेक जणींच्या मनात असतं आणि कुणी तपासून बघत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे एक नियम आहे, जी मुलं आपापल्या हायस्कूलमध्ये वरच्या नऊ टक्क्यांत येतात त्यांना प्रवेशाच्या वेळी त्याचा फायदा मिळतो, आणि ती तुलना त्या त्या शाळेतल्या मुलांशीच होते. अर्ज वाचणारे मूल कुठल्या शाळेतून येतंय, तिथे काय काय उपलब्ध होतं आणि त्यातलं त्यानं काय केलं हे बघतात. म्हणजे महागड्या शाळेत अभ्यासू मुलांच्या गर्दीत मधोमध असणं हे पब्लिक शाळेत पुढे असण्यापेक्षा चांगलंच, असं गणित सरळ मांडता येत नाही. कॅथलिक शाळेला पाठवायची चांगली कारणं आहेत, लहान वर्ग, मुलाला नावानं ओळखणारे शिक्षक, सेवेचं काम अभ्यासक्रमातच असणं, रोज कुणीतरी ‘तू माणूस म्हणून कशी आहेस’ हे विचारणं. पण कॉलेज हे कारण पुढे करून लाखभर डॉलर खर्च करू नका.

पैशांचं आलंच बोलण्यात तर इथेच सांगते. या शाळांची फी हल्ली वर्षाला पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे चार वर्षांचे लाखाच्या वर, आणि फी दरवर्षी थोडी वाढते, शिवाय पुस्तकं, युनिफॉर्म, खेळाचा खर्च, ट्रिपा. तुझा धाकटा तीन वर्षांनी याच वयाला येणार, आणि ‘ताईला पाठवलंत मग मला का नाही’ हा प्रश्न तो विचारणारच, तो नववीत जाईल तेव्हा ती बारावीत असेल आणि एक वर्ष दोघांची फी एकदम येईल, मग लगेच तिचं कॉलेज. हे आत्ताच एका कागदावर मांडा, दोघांनी बसून. फी झेपत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करायला लाजू नका, या शाळा बरीच मदत देतात, ती उत्पन्न आणि गरज बघून असते आणि त्याचा अर्ज वेगळा असतो, मुदतही वेगळी असते, प्रवेशाच्या निकालाची वाट बघत बसलात तर ती निघून जाते. आपली बरीच माणसं ‘आपण काय मदत मागायची’ म्हणून तो फॉर्म भरतच नाहीत आणि मग मार्चमध्ये आकडा बघून मुलाला नाही म्हणतात. ते फार वाईट वाटतं बघायला. अर्ज करायच्या आधी ठरवा की मदत मिळाली नाही तरी पाठवणार का, आणि नसाल पाठवणार तर लेकीला ते आत्ताच स्पष्ट सांगा.

आता लेकीचं ‘कुठेही टाका’. तू त्याचा अर्थ लावलायस की तिला काही पडलेली नाही. मला तसं वाटत नाही. आठवीतली मुलं ‘कुठेही’ म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांच्या पोटात एक ठाम उत्तर असतं आणि ते आईला आवडणार नाही अशी भीती असते. तिच्या सगळ्या मैत्रिणी पब्लिक हायस्कूलला चालल्यात ना? मग तिला विचार, पण समोर बसवून नको, गाडीत विचार, दोघी पुढे बघत असता तेव्हा मुलं जास्त बोलतात. आणि विचारायचं तर ‘कुठली शाळा हवी’ असं नको, ‘आपण पब्लिकलाच जायचं ठरवलं तर तुला हायसं वाटेल की वाईट वाटेल’ असं विचार. माझ्या लेकीनं या प्रश्नावर एक्झिट येईपर्यंत काहीच उत्तर दिलं नव्हतं आणि मग हळूच म्हणाली होती, “थोडं हायसं. पण थोडं वाईट पण.” त्या ‘थोडं वाईट पण’ वर आम्ही पुढचं सगळं केलं.

तिला ओपन हाऊसला न्याच, पण त्या दिवशी सगळ्याच शाळा नटलेल्या असतात. शाळा चालू असताना एक दिवस तिथल्या विद्यार्थिनीबरोबर राहायची सोय असते, शॅडो डे म्हणतात, त्याची नोंदणी लवकर भरते, ती आत्ताच बघ. त्या दिवशी संध्याकाळी तिला एवढंच विचार की जेवायला कुणाबरोबर बसलीस आणि काय बोललात. त्यातून शाळा जेवढी कळते तेवढी वेबसाइटवर नाही कळत.

आणि एव्हरग्रीनहून माउंटन व्ह्यूला सेंट फ्रान्सिसला सकाळी आठला पोचायचं म्हणजे काय हे एकदा खरंच करून बघा. रविवारी नाही, मंगळवारी, १०१ आणि २८० या हायवेंच्या गर्दीत. तुम्ही दोघं नोकरी करता, चार वर्षं रोज कोण सोडणार, संध्याकाळी नाटकाची प्रॅक्टिस सहाला संपली तर कोण आणणार, कारपूल आहे का, तुमच्या बाजूनं बस येते का. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला खूप हव्या असलेल्या शाळेत प्रवेश मिळाला आणि दीड वर्षानं ती परत घराजवळच्या शाळेत आली, अभ्यासामुळे नाही, रोजच्या दोन तासांच्या गाडीमुळे, झोपच पुरत नव्हती पोरीची. नोटर डेम तुमच्यापासून त्या मानानं जवळ आहे. हे सगळं अर्जाच्या आधी बघायचं, प्रवेश मिळाल्यावर नाही, कारण प्रवेश मिळाला की मन मोठं होतं आणि अंतर छोटं वाटायला लागतं.

म्हणजे माझं म्हणणं असं की अर्ज किती करायचे हे आकड्यावरून ठरवूच नकोस. ज्या शाळेचं पत्र आलं तर लेक खरंच आनंदानं जाईल आणि तुम्हाला खरंच झेपेल, त्या प्रत्येक शाळेला अर्ज कर. त्या चार निघाल्या तर चार, दोन निघाल्या तर दोन. ‘कुठे नाही तर इथे तरी’ म्हणून टाकलेला अर्ज करू नकोस, कारण तुझ्याकडे तो ‘इथे तरी’ आधीपासूनच आहे, तुझ्या पत्त्यावरची पब्लिक शाळा, आणि तिची नोंदणी हिवाळ्यात असते ती मार्चच्या निकालाची वाट न बघता वेळेवर करून टाक. त्यात कुणाची फसवणूक नाही.

आता धर्माचं. हे मला जरा सावकाश बोलायचंय.

गाळू नकोस. ‘आम्ही हिंदू आहोत’ हे लिही, अगदी सहज लिही, घरी गणपती बसतो, लेक आरती म्हणते, आजी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर असते. या शाळांना हिंदू, शीख, मुस्लिम, बौद्ध मुलं नवीन नाहीत, सॅन होजेत तर मुळीच नाहीत. पालकांच्या निबंधात ‘कॅथलिक शिक्षण का हवं’ असा प्रश्न येतो तेव्हा आपले लोक एकतर ख्रिस्ती धर्माबद्दल उसनी भक्ती लिहितात नाहीतर धर्म टाळून फक्त मार्कांबद्दल लिहितात, दोन्ही वाचणाऱ्याला लगेच कळतं. तुला खरंच काय हवंय ते लिही. देवाबद्दल बोलायला लाज वाटू नये अशी जागा हवीय? दुसऱ्याच्या कामी यावं हे शाळेनंही शिकवावं असं वाटतं? तेच लिही, साध्या इंग्रजीत. एक मात्र मान्य करून चल, कॅथलिक कुटुंबं, आधीच शिकणाऱ्यांची भावंडं, पॅरिशच्या म्हणजे स्थानिक चर्चच्या शाळांमधून येणारी मुलं यांना थोडं झुकतं माप असतं. शाळा ते लपवत नाहीत, आणि चर्चनं चालवलेल्या शाळेनं तसं करण्यात मला काही चूक वाटत नाही. फक्त नियम वाचून घ्यायचे. न्यूयॉर्कची रीजिस हायस्कूल बघ, जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची शाळा, फी शून्य, पण प्रवेश फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांना. तिथे हिंदू घरातल्या मुलानं कितीही अभ्यास केला तरी उपयोग नाही. सॅन होजेतल्या तुझ्या चार शाळांचं तसं नाहीये.

सासूबाईंना काय सांगायचं? खरं तेच सांग. हो, धर्माचा विषय असतो, चारही वर्षं. हो, शाळेची मास म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना असते, सगळ्यांना बसावं लागतं. पण ती रोज नसते, आणि कम्युनियन म्हणजे प्रसादासारखं जे असतं ते कॅथलिक नसलेली मुलं घेत नाहीत, ती जागेवर बसून राहतात किंवा छातीवर दोन्ही हात आडवे धरून पुढे जातात आणि फादर आशीर्वाद देतात. धर्म बदलायला कुणी लावत नाही. मी स्वतः पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, दहा वर्षं सकाळी ‘अवर फादर’ म्हणलंय आणि संध्याकाळी आजीसमोर बसून शुभं करोति, मला त्यात कधी ओढाताण वाटली नाही. त्यांच्या ओळखीतही पुण्यात व्हिन्सेंटला नाहीतर लॉयोलाला गेलेलं कुणीतरी असेलच, त्याही कॅथलिकच शाळा, जेझुइटांच्या, आणि तिथे पिढ्यानपिढ्या आपलीच मुलं शिकली. त्यांना हे आठवून दे, पण वाद घालू नकोस, त्यांची काळजी नातीवरच्या मायेतून आलीय. जमलं तर लेकीलाच सांगू दे आजीला फोनवर, शाळा बघून आली की.

आणि तुम्हा दोघांसाठी: लग्न, लैंगिकता, गर्भपात अशा गोष्टींत शाळा चर्चचीच शिकवण मांडणार. तुमच्या घरात यावर वेगळी मतं असतील तर लेकीशी मोकळं बोलायची तयारी ठेवा, चार वर्षांत ते विषय येणारच.

परीक्षेबद्दल तू फारसं विचारलं नाहीयेस पण बाकीच्या आया विचारतील म्हणून सांगते. एचएसपीटी एकदाच द्यायची, कुठल्यातरी एका शाळेत, आणि मार्क बाकीच्या शाळांना पाठवता येतात, चार अर्ज म्हणजे चार परीक्षा नव्हेत. दोनदा देऊन चांगले मार्क पुढे करू असा विचार मनातही आणू नका. ही परीक्षा वेगाची आहे: २९८ प्रश्न, १४१ मिनिटं, पाच भाग. शब्दांच्या भागात ६० प्रश्नांना फक्त १६ मिनिटं! कॅल्क्युलेटर नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे मुलांना आधी सांगितलेलं नसतं आणि ती प्रामाणिकपणे रिकामं सोडून येतात. तुला आपल्या स्कॉलरशिपचा बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवतो का, संख्यांची मालिका, गटात न बसणारा शब्द, ‘अ हा ब पेक्षा उंच’? दोन भाग जवळजवळ तसेच आहेत. तुलाच शिकवता येईल, महागडा क्लास लावायची गरज नाही, एक सरावाचं पुस्तक आण आणि सहा आठवडे शनिवारी सकाळी घड्याळ लावून बसव. पब्लिक शाळेत अशी वेगाची सवय नसते एवढंच, हुशारीचा प्रश्न नाही.

शिक्षकांची शिफारसपत्रं, बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची लागतात. पब्लिक शाळेतल्या शिक्षकांना अशी पत्रं फार लिहायला लागत नाहीत, त्यामुळे त्यांना हे नवीन असू शकतं. चार शाळा म्हणजे एकेका शिक्षकाला चार फॉर्म, तेही शिकवणं सांभाळून. म्हणून प्रत्येक शाळेला आधी विचार की दुसऱ्या शाळेचा फॉर्म चालतो का, आणि लेकीला स्वतः जाऊन शिक्षकांना विचारू दे, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या बऱ्याच आधी, शाळांची नावं आणि तारखा एका कागदावर लिहून देऊन. तू ईमेल करू नकोस. तिनंच जायचं.

निबंधही तिचाच. तू स्पेलिंग बघ, बाबांनी स्वल्पविराम बघावेत, बस. चारही शाळांना एकच निबंध नाव बदलून पाठवला की कुठेतरी नाव बदलायचं राहतं, हे मी दोन घरांत घडलेलं बघितलंय आणि त्या मुलांचे चेहरे अजून आठवतात. एका शाळेचा निबंध एका दिवशी, दुसऱ्या शाळेचा दुसऱ्या दिवशी, मध्ये झोप. ज्या शाळेबद्दल तिला स्वतःहून अर्धं पानही सुचत नाही तिचा अर्ज सोडून द्यायचा, तेच तुझं उत्तर आहे त्या शाळेबद्दल.

राहिली तुझी शेवटची भीती, जी मला वाटतं पहिली आहे. चारही ठिकाणी नाही आली तर.

होऊ शकतं. खोटा धीर देत नाही. माझ्या लेकीला तिच्या सगळ्यात आवडत्या शाळेनं वेटलिस्टवर ठेवलं आणि दुसरीनं नाही म्हणलं, आणि ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी शाळेत तिच्या दोन मैत्रिणी नाचत होत्या. ती घरी येऊन चार तास बोलली नाही. मी तेव्हा एक चूक केली, ‘अगं त्यांना कळलंच नाही तू किती हुशार आहेस’ असं म्हणाले. तिला ते ऐकायचं नव्हतं. रात्री तिच्या बाबानं तिच्या शेजारी जमिनीवर बसून फक्त ‘वाईट वाटतंय ना’ एवढं म्हणलं तेव्हा ती रडली आणि मग जेवली. म्हणून तुला सांगते, निकालाच्या संध्याकाळी कुठलाही कार्यक्रम ठेवू नका, पत्र तिनं एकटीनं उघडायचं की सगळ्यांसमोर हे तिलाच ठरवू दे, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर अर्ज केल्याचं मुळात टाकूच नका, म्हणजे मार्चमध्ये साताऱ्यापासून शिकागोपर्यंत कुणाला उत्तर द्यायची वेळ येत नाही. आणि पब्लिक शाळेबद्दल घरात आत्तापासून नीट बोला. ‘नाही मिळालं तर मग काय, जावं लागेल तिकडेच’ असं तू पत्रात लिहिलंयस, ते तिच्या कानावर नक्की पडलं असणार. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथे जाणार आहेत गं. उद्या तिलाही तिथेच जायचं असेल, तर ती शिक्षा म्हणून जायला नको.

आणि दोन-तीन ठिकाणी मिळालं तर? तेव्हा शाळा उत्तर द्यायला थोडेच दिवस देतात आणि जागा धरायला जी रक्कम भरायची ती बहुतेक परत मिळत नाही. काही जण दोन ठिकाणी पैसे भरून ऑगस्टपर्यंत विचार करत बसतात. तुमच्या घरात तसं होणार नाही, तुझा नवरा होऊ देणार नाही, आणि या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. एक ठरवा, आणि त्याच दिवशी बाकीच्या शाळांना दोन ओळींची ईमेल करा की आम्ही येत नाही, आभार. ही ईमेलही लेकीलाच लिहू दे. माझ्या मुलीचा वेटलिस्टवरचा नंबर एप्रिलमध्ये लागला तो कुणीतरी अशीच जागा सोडली म्हणून, बुधवारी संध्याकाळी फोन आला, माझे हात कणकेचे होते म्हणून तिनंच उचलला.